काहाल: ‘चांगली स्लाइड’ ओळखणारा शास्त्रज्ञ

मेंदूतल्या पेशींची झाडासारखी दिसणारी गाजलेली चित्रं सान्तियागो रामोन इ काहाल यांची. स्पेनमध्ये १८५२ साली जन्मलेल्या काहाल यांना व्हायचं होतं चित्रकार. वडिलांनी डॉक्टर केलं.

१८८७ मध्ये माद्रिदला त्यांनी इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांच्या पद्धतीने रंगवलेली स्लाइड पाहिली. पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेटमुळे मोजक्याच पेशी काळ्याभोर होतात, बाकी सगळं पिवळसर. पण पद्धत भलतीच लहरी. कधी रंग धरतच नाही, कधी नुसते चांदीचे डाग. सगळ्याच पेशी रंगल्या तरी स्लाइड वाया, कारण त्या गुंत्यात काय दिसणार? काहाल यांनी नमुने दोनदा रंगवले. भ्रूण आणि पिल्लं निवडली, कारण त्यांच्या तंतूंवर मायलिनचं आवरण चढलेलं नसतं, रंग टोकापर्यंत पोचतो. १८८८ मध्ये बार्सिलोनात त्यांना दिसलं: मेंदू म्हणजे सलग जाळं नाही, पेशी सुट्या आहेत.

यावर विश्वास कोण ठेवणार? १८८९ मध्ये ते स्लाइड्स घेऊन बर्लिनला गेले. तिथे मायक्रोस्कोपमधून त्या पाहिल्यावर नामवंत शरीररचनातज्ज्ञ क्योलिकर यांना पटलं.

१९०६ चं नोबेल काहाल आणि गॉल्जी यांना विभागून मिळालं. गंमत म्हणजे, गॉल्जी यांनी नोबेलच्या भाषणातही जाळ्याचीच बाजू लावून धरली. काहाल १९३४ मध्ये वारले.