ब्रदर आंद्रेआ पोत्सो : छतावर आकाश उघडणारा चित्रकार

विद्यार्थिमित्रहो, स्टेशनाच्या पुलावर उभे राहून आगगाडीच्या रुळांकडे पाहिलें म्हणजे दोन्ही रूळ पुढें पुढें जवळ येत जाऊन शेवटीं एका बिंदूंत मिळाल्यासारखे दिसतात, हें तुम्हीं पाहिलें असेल. रूळ खरोखर मिळत नाहींत. मिळत असते तर गाडी चाललीच नसती. वस्तु डोळ्यांना जशी दिसते तशीच ती कागदावर उतरविण्याच्या शास्त्राला यथार्थदर्शन असें म्हणतात. पंधराव्या शतकाच्या आरंभीं इटलींतील ब्रुनेलेस्की या शिल्पकारानें या शास्त्राचे प्रयोग केले, व १४३५ सालीं आल्बेर्ती यानें त्याचे नियम ग्रंथरूपानें मांडले. परंतु सपाट कागद सोडून उंच, वांकड्या, कमानदार छतावर हे नियम चालविणें हें फार कठीण काम. त्यांत ज्यानें सर्वांत मोठें यश मिळविलें, त्या ब्रदर आंद्रेआ पोत्सो याचें चरित्र आज तुम्हांस सांगावयाचें आहे.

पोत्सोचा जन्म ३० नोव्हेंबर १६४२ रोजीं उत्तर इटलींतील त्रेंतो या डोंगराळ मुलखांतील शहरीं झाला. संत फ्रान्सिस झेविअर गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले त्याला त्या वर्षीं बरोबर शंभर वर्षें झालीं होतीं. आंद्रेआचें शिक्षण त्याच्या गांवच्या येशूसंघीय शाळेंत झालें. त्याचा हात चित्रकलेकडे वळत आहे असें दिसून आल्यावर त्याला चित्रकारांच्या हाताखालीं ठेवण्यांत आलें. पुढें तो मिलान शहरीं आला, आणि तेथें २५ डिसेंबर १६६५ रोजीं, नाताळच्या दिवशीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं त्यानें येशूसंघांत प्रवेश केला.

तो धर्मगुरु झाला नाहीं, ब्रदर झाला. संघामध्यें ब्रदर लोकांकडे स्वयंपाक, शिवण, सुतारकाम, बागकाम, बांधकाम अशीं हातांचीं कामें असत. पोत्सोच्या वांट्याला रंग आणि कुंचला आला. पुढें राजेरजवाडे त्याला बोलावूं लागले, तरी तो अखेरपर्यंत ब्रदरच राहिला.

सणावारीं चर्चमध्यें लांकूड, कापड व रंग यांचे मोठमोठे देखावे उभारण्याची त्या काळीं चाल होती. कापडाच्या चौकटी एकामागें एक उभ्या करावयाच्या, मध्यें दिवे लपवावयाचे, आणि समोरून पाहणाऱ्याला खोल राजवाडा दिसावा अशी योजना असे. या कामांत पोत्सोचा हात तयार झाला. १६७६ च्या सुमारास मोंदोवी या गांवच्या चर्चमध्यें त्यानें छतावर एक घुमट नुसत्या रंगांनीं उभा केला. त्याची कीर्ति पसरली, व १६८१ सालीं संघाचे मुख्याधिकारी ओलिव्हा यांनीं त्याला रोमास बोलाविलें.

परंतु त्याच वर्षीं ओलिव्हा निवर्तले. ज्यांनीं बोलाविलें तेच गेल्यावर परक्या शहरांत या साध्या ब्रदराची विचारपूस कोण करणार? मिळेल तें लहानसहान काम करीत पोत्सो रोमांत राहिला. संत इग्नेशिअस लोयोला ज्या खोल्यांत राहिले व १५५६ सालीं वारले, त्या खोल्यांना लागून एक अरुंद बोळ होता. तो रंगविण्याचें काम त्याला मिळालें. आज त्या बोळांत शिरून भिंतीजवळ उभें राहिलें तर तेथील बालदूतांचीं शरीरें ताणल्यासारखीं, वेडींवांकडीं दिसतात. पण मध्यभागीं जमिनीवर एक खूण आहे. तिच्यावर उभे राहतांच सर्व आकृति सुडौल होतात आणि लहानसा बोळ भव्य दालन बनतो. १६८५ सालीं त्यानें जेझू नांवाच्या मोठ्या चर्चमध्यें काना गांवच्या लग्नाचा देखावा उभारला, तेव्हां सारें रोम तो पाहण्यास लोटलें.

आतां त्याच्या मुख्य कामाकडे वळूं. रोमांत संत इग्नेशिअस यांनीं १५५१ सालीं एक विद्यालय स्थापिलें होतें. त्या विद्यालयासाठीं १६२६ सालीं एक विशाल चर्च बांधण्यास आरंभ झाला. खर्च देणारे कार्डिनल लुदोव्हिसी १६३२ सालीं वारले, पैसा अपुरा पडला, आणि चर्चच्या मध्यावर जो घुमट व्हावयाचा तो झालाच नाहीं. घुमटाची जागा उघडी, आणि घुमट बांधण्यास द्रव्य नाहीं, अशी अडचण होती. १६८५ सालीं पोत्सोनें त्या जागीं एक प्रचंड सपाट कापड ताणून बसविलें आणि त्यावर घुमट रंगविला. खांब, खिडक्या, आंत उतरणारा उजेड, सर्व कांहीं रंगांचेंच!

कित्येक शिल्पकारांनीं नाकें मुरडलीं. घुमटाचे खांब भिंतींतून पुढें आलेल्या आधारशिलांवर उभे दाखविले आहेत, खऱ्या बांधकामांत असें कोणी करीत नाहीं, असा त्यांचा आक्षेप होता. पोत्सो रागावला नाहीं. आधार मोडून खांब खालीं आलेच, तर दुरुस्तीचा सगळा खर्च आपला एक चित्रकार मित्र देण्यास तयार आहे, असें त्यानें हंसून कळविलें.

त्यानंतर त्याच चर्चच्या मुख्य दालनाचें लांबलचक कमानदार छत त्याच्या स्वाधीन करण्यांत आलें. हें काम १६९४ सालीं पुरें झालें. तें त्यानें कसें केलें हें समजून घेण्यासारखें आहे. लहान चित्र मोठें करावयाचें असतां चौकोन पाडून एकेका चौकोनांतील रेषा मोठ्या चौकोनांत उतरवितात, ही रीत चित्रकलेच्या तासाला तुम्हीं शिकलां असाल. पोत्सोनें प्रथम कागदावर नियोजित चित्र काढून त्यावर असेच चौकोन पाडले. पण छत वांकडें असल्यामुळें त्यावर सरळ चौकोन काढून भागेना. खालून पाहणाऱ्याला ते वांकडे दिसले असते. म्हणून जेथून कमान सुरू होते त्या उंचीवर त्यानें दालनाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत आडव्याउभ्या दोऱ्या ताणून आडवी सपाट जाळी तयार केली. मग दालनाच्या मध्यभागीं, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, एक बिंदु निश्चित केला. रात्रीं त्या बिंदूवर दिवा ठेवला तर जाळीची सावली छतावर पडेल. ती सावली कमानीवर वांकडी असते. परंतु दिव्याच्या जागीं डोळा ठेवून पाहणाऱ्यास तीच सरळ चौकोनांची दिसते. छत उंच असल्यानें सावली फिकट पडली तर त्याच बिंदूपासून एक लांब दोरी जाळीच्या गांठीला लावून पुढें छतापर्यंत ताणावयाची व टोंक टेंकेल तेथें खूण करावयाची. अशा रीतीनें साऱ्या छतावर वांकडे चौकोन आंखले गेले, आणि कागदावरील एकेका चौकोनांतील चित्र त्यांत उतरविण्यांत आलें. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर, तो वाळण्यापूर्वीं, परांचीवर चढून रंग भरावयाचा. इतक्या जवळून त्याला स्वतःला सारें वांकडेंच दिसत असणार. तरी आंखलेल्या रेषांवर विश्वास ठेवून तो काम करीत राहिला.

खालीं उभें राहिलें म्हणजे चर्चच्या भिंती जणूं दुप्पट उंच चढत गेल्या आहेत, छत नाहींसें झालें आहे आणि वर उघडें आकाश आहे, असें दिसतें. मध्यभागीं ख्रिस्त आहे. त्याच्यापासून निघालेला प्रकाशाचा किरण संत इग्नेशिअस यांच्यावर पडतो, आणि तेथून चार फांटे फुटून तो युरोप, आशिया, आफ्रिका व अमेरिका या चार खंडांकडे जातो. आशिया उंटावर बसलेल्या स्त्रीच्या रूपानें दाखविली आहे, आणि पूर्वेकडील लोकांच्या समुदायाबरोबर संत झेविअरहि तेथें आहेत. गोव्याशीं जोडलेलें हें नांव रोमच्या त्या छतावर असें रंगांत उमटलें आहे.

आतां एक प्रश्न विचारी वाचकांच्या मनांत उभा राहील. नसलेला घुमट दाखविणें, बंद छत उघडें भासविणें, ही लबाडी नव्हे काय? आणि तीहि देवाच्या मंदिरांत? प्रश्न योग्य आहे. परंतु पोत्सोनें काय केलें तें पाहा. त्या चर्चच्या जमिनीवर एक गोल संगमरवरी चकती बसविलेली आहे. तिच्यावर उभें राहिलें तरच चित्र खरें वाटतें. दहा पावलें सरकलें कीं खांब कलतात, इमारत कोसळूं लागते आणि सर्व रंगच आहेत हें उघड होतें. पुष्कळांनीं याला दोष मानलें. अनेक बिंदु धरून चित्र काढावें, म्हणजे कोठूनहि तें बरें दिसेल, असें त्यांचें म्हणणें होतें. पोत्सोनें तें ऐकलें नाहीं. सर्व छत मिळून एकच चित्र आहे, त्याला पाहण्याचें स्थळहि एकच हवें. बाजूला गेल्यावर तें बिघडतें हीच तें बरोबर असल्याची खूण, असें त्याचें मत होतें.

शिवाय लबाडी करणारा आपली युक्ति लपवितो. पोत्सोनें ती छापून सर्वांस वांटली. १६९३ व १७०० सालीं त्यानें चित्रकार व शिल्पकार यांच्यासाठीं यथार्थदर्शनावर दोन भागांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. नवशिक्याला अगदीं सोप्या आकृतींपासून हातीं धरून तो छतावरील जाळीपर्यंत नेतो. सर्व रेषा एका खऱ्या बिंदूकडे, म्हणजे देवाच्या गौरवाकडे, न्याव्या, असा बोध त्यानें त्यांत आरंभींच केला आहे. १७०७ सालीं लंडन येथें त्याचें इंग्रजी भाषांतर निघालें, व सर ख्रिस्तोफर रेन यांच्यासारख्या शिल्पकारांनीं त्याची शिफारस केली. चीन देशांत निएन शीयाव या अधिकाऱ्यानें, तेथील येशूसंघीय चित्रकार ब्रदर कास्तिल्योने याच्या मदतीनें, त्याच्या आधारें १७२९ सालीं चिनी भाषेंत पुस्तक लिहिलें. तोपर्यंत पोत्सो वारून वीस वर्षें झालीं होतीं.

१६९५ ते १६९९ या काळांत त्यानें जेझू चर्चमध्यें संत इग्नेशिअस यांच्या समाधीवरील वेदी उभारली. येथें मात्र रंगांचा भास नाहीं. खरा संगमरवर, खरें ब्रॉंझ आणि निळ्या लाजवर्दाचा मुलामा दिलेले खांब आहेत. याच सुमारास, १६९८ सालीं, फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकारानें घडविलेलें संत झेविअर यांचें समाधिशिल्प जुन्या गोव्यांत बसविण्यांत आलें.

पुढें सम्राट् लिओपोल्ड यानें पोत्सोला व्हिएन्नास बोलाविलें. साठी उलटलेली असतांहि तो आल्प्स ओलांडून तेथें गेला, येशूसंघाच्या चर्चमध्यें पुन्हां एक रंगीत घुमट उभा केला, व लिख्टेनश्टाइन घराण्याच्या वाड्यांतील दिवाणखान्याचें छत रंगविलें. स्वदेशीं परत जाण्याचा योग त्याला आला नाहीं. ३१ ऑगस्ट १७०९ रोजीं व्हिएन्ना येथेंच त्याचा अंत झाला.

विद्यार्थिमित्रहो, रोममधील त्या चर्चमध्यें आजहि प्रवासी येतात, चकती शोधून तिच्यावर उभे राहतात आणि मान वर करून पाहत राहतात. खालीं उभें राहून पाहणाऱ्याला जें एका क्षणांत दिसतें, त्यासाठीं वर परांचीवर कित्येक वर्षें एकेक वांकडा चौकोन भरावा लागला होता. आपल्या रोजच्या पाठांतील एखादा चौकोन निरर्थक व कंटाळवाणा वाटूं लागला, तर या ब्रदराची आठवण करा, आणि तो नीट भरा.