हाफकिन नावाचा बाहेरचा माणूस

परळला आचार्य दोंदे मार्गावरून केईएम किंवा टाटा हॉस्पिटलकडे जाताना हाफकिन ही पाटी तुम्ही कितीतरी वेळा वाचली असेल. मायक्रोबायोलॉजीवाल्यांना तर हे नाव पाठच असतं. पण ज्याचं हे आडनाव, तो माणूस ना मुंबईचा होता, ना जन्माने ब्रिटिश, ना डॉक्टर! शिकायला किंवा नोकरीला दुसऱ्या शहरात गेलेल्या आणि मूळचे कुठले या प्रश्नाला वैतागलेल्या प्रत्येकाने त्याची गोष्ट वाचायला हवी.

वाल्डेमार हाफकिनचा जन्म १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. आज हे शहर युक्रेनमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. घर ज्यू. शिकला प्राणिशास्त्र, तेही पुढे नोबेल मिळवणाऱ्या मेचनिकोव्हच्या हाताखाली. शहरात ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा हा वस्तीच्या रक्षणाला उभा राहिला आणि पोलिसांनी त्यालाच उचललं. पुढे विद्यापीठात वरच्या जागेवर जायचं तर धर्म बदल, असा मामला होता. त्याने धर्म बदलला नाही, देश सोडला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जागा मिळाली, पण कसली? लायब्ररीतल्या मदतनिसाची. दिवसा पुस्तकं आणि उरलेल्या वेळात प्रयोग, असं करत त्याने कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली.

१८९३ मध्ये तो कलकत्त्याला पोचला. आता त्याची अडचण समजून घ्या. सरकारी गोऱ्या डॉक्टरांच्या लेखी तो रशियातून आलेला, मेडिकल डिग्री नसलेला उपरा. आणि वस्तीतल्या माणसांच्या लेखी? आणखी एक गोरा साहेब, हातात सुई घेतलेला. दोन्हीकडून संशयच. हाफकिनने तक्रार करत बसण्याऐवजी शहराचं वेळापत्रक पाठ केलं. बस्तीतली माणसं पहाटे कामाला निघायच्या आधी तो तिथे हजर व्हायचा, आणि संध्याकाळी ती परतली की पुन्हा. सोबत बंगाली डॉक्टर असायचे, म्हणजे भाषेचा प्रश्न मिटला. दोन-अडीच वर्षांत देशभर फिरून सुमारे ४२ हजार लोकांना लस दिली आणि शेवटी मलेरियाने आडवा होऊन त्याला युरोपला परतावं लागलं. बरं वाटल्यावर साहेब पुन्हा भारतात!

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीच्या गल्ल्यांमध्ये प्लेग आला. तो ओळखला मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी. सरकारने हाफकिनला बोलावलं आणि ऑक्टोबरमध्ये तो मुंबईत उतरला. लॅब म्हणून काय मिळालं, तर ग्रँट मेडिकल कॉलेजमधली एक खोली आणि तिच्या बाहेरचा व्हरांडा. स्टाफ म्हणजे एक क्लार्क आणि तीन शिपाई.

बाहेर शहरात काय चाललं होतं? माणसं रेल्वे आणि बोटींनी पळत होती. आजारी माणसाला घरातून उचलून नेलं जायचं. त्या भीतीपोटी ऑक्टोबरच्या शेवटी गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. हो, कोविडमध्ये आपल्याला लागू झालेला तोच. मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, आणि जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सरकारी माणूस दारात आला की लोकांच्या पोटात गोळा यायचा. अशा वेळी टोचून घ्या म्हणत एक परदेशी माणूस उभा राहतोय, कल्पना करा.

त्या खोलीत तीन महिने अखंड काम चाललं. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागायचा. गाय किंवा डुकराचं मांस वापरलं, तर या शहरात लस कुणी हातात धरणार नाही, हे हाफकिनला कळलं होतं. म्हणून त्याने बोकडाचं मांस घेतलं. जंतू नीट वाढावेत म्हणून रश्श्यावर जे थेंब सोडले ते तर आपल्या स्वयंपाकघरातले, तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे. बाहेरून आलेल्या माणसाने शहर वाचायचं म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

१० जानेवारी १८९७ रोजी त्याने लस आधी स्वतःला टोचून घेतली. डोस लोकांना द्यायचा त्याहून बराच मोठा होता. ताप आला, अंग दुखलं, तरी काम सुरूच. त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे तयार झालेल्या कैद्यांना लस दिली आणि बाकीच्यांशी तुलना केली. लस घेतलेल्यांमध्ये आजारी पडणारे बरेच कमी निघाले. मग आगा खान (तिसरे) पुढे आले. तेव्हा त्यांनी विशीही ओलांडली नव्हती, म्हणजे तुमच्याच वयाचे. त्यांनी चारचौघांत स्वतः लस घेतली, हजारो खोजांनी त्यांच्यामागे घेतली, आणि कामासाठी आपली इमारतही दिली. ऑगस्ट १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, म्हणजे आजच्या जागी आली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबमधल्या मुल्कोवाल गावात लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांना एकाच बाटलीतून लस दिली गेली होती. त्या दिवशी दुसऱ्या बाटल्यांतून लस घेतलेले मात्र ठणठणीत होते. तरीही ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिनला पदावरून दूर केलं गेलं आणि तो इंग्लंडला गेला. बाटली उघडताना गावात चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता, ही गोष्ट कागदोपत्री होती, पण दाबली गेली. अखेर मलेरियावरच्या कामासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस आणि आणखी नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या द टाइम्समध्ये जाहीर पत्र लिहिलं. १९०७ च्या शेवटी त्याच्यावरचा डाग पुसला गेला. मधली पाच वर्षं कुणी परत देणार नव्हतं.

तो भारतात परतला, पण मुंबईतल्या त्याच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं होतं. म्हणून कलकत्त्याला गेला आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिला. लग्न केलं नाही. शेवटची वर्षं स्वित्झर्लंडमध्ये गेली आणि १९३० मध्ये लोझानला तो वारला.

त्याच्या हयातीतच, १९२५ मध्ये, परळच्या संस्थेला त्याचं नाव दिलं गेलं. ओडेसात जागा नाकारली गेली, पॅरिसमध्ये लायब्ररीत बसवलं, मुंबईतली खुर्चीही गेली. आज परळला टॅक्सीत बसून नुसतं हाफकिन म्हणा, ड्रायव्हर पुढचा पत्ता विचारत नाही.