सासवण्याचा शिल्पमहर्षी : नानासाहेब करमरकर

यवतमाळसारखे विदर्भातील जिल्ह्याचे ठिकाण असो वा कोकणातील एखादा तालुका, गावातील चौकात छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा असावा, अशी मराठी माणसाची मनोमन इच्छा असते. त्या पुतळ्यासमोर दरवर्षी शिवजयंतीला हजारो मस्तके नम्र होतात. मात्र, महाराजांचे भव्य अश्वारूढ शिल्प याच भूमीत घडू शकते, हे १९२८ मध्ये सिद्ध करून दाखविणाऱ्या विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर यांचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्नच आहे.

करमरकर यांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी अलिबागजवळील सासवणे या समुद्रकाठच्या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची होती. पण चित्रकलेची ओढ उपजतच होती. गावातील मंदिराच्या भिंतीवर त्यांनी अश्वारूढ शिवाजी महाराजांचे चित्र रेखाटले होते. तत्कालीन कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या ते दृष्टीस पडले आणि या मुलाच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. रॉथफिल्ड यांच्या प्रयत्नांमुळे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे दार त्यांच्यासाठी उघडले. गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ मध्ये 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प घडवून मराठी शिल्पकलेला प्रतिष्ठा मिळवून दिली होती. करमरकर त्याच परंपरेचे पुढचे वारसदार ठरले.

शिक्षणानंतर त्यांनी कोलकात्याची वाट धरली. रवींद्रनाथ टागोरांचे पुतणे सुरेंद्रनाथ यांचे साहाय्य त्यांना तेथे लाभले. खुद्द रवींद्रनाथांचे व्यक्तिशिल्पही त्यांनी साकारले. १९२० च्या सुमारास ते लंडनला गेले व रॉयल अकादमीत त्यांनी शिल्पकलेचे पुढील शिक्षण घेतले. युरोपातील शिल्पे डोळे भरून पाहिली. मायदेशी परतल्यावर काही काळाने त्यांनी मुंबईत बस्तान बसविले.

त्यांच्या आयुष्यातील कसोटीचा क्षण आला तो पुण्यातील शिवस्मारकाच्या निमित्ताने. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांच्या पुढाकाराने १९ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते स्मारकाची कोनशिला बसविण्यात आली. पुढच्याच वर्षी, मे महिन्यात, शाहू महाराजांचे निधन झाले. पुत्र राजाराम महाराजांनी संकल्प पुढे नेला. परंतु पुतळ्याचे काम रखडत गेले. अखेरीस ही जबाबदारी करमरकरांनी स्वीकारली, तेव्हा हाती वेळ थोडा होता.

भव्य पुतळे परदेशी शिल्पकारांकडून घडवून घेण्याचा अथवा ओतकामासाठी युरोपात पाठविण्याचा तो काळ. करमरकरांनी मात्र मुंबईतच, माझगाव डॉकमध्ये ओतकाम करण्याचा निर्णय घेतला. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा व आठ टन वजनाचा हा ब्राँझचा पुतळा एकसंध ओतावयाचा होता. वितळलेला धातू थंड होण्यापूर्वी साच्याच्या कानाकोपऱ्यांत पोचावा लागतो. आतील हवा व वायू बाहेर पडण्याची वाट चुकली, तर सारे श्रम वाया जातात. त्यात अश्वारूढ शिल्पाचा भार घोड्याच्या बारीक पायांवर तोलून धरायचा असतो. हे ओतकाम फसले असते, तर पुन्हा साचा घडविण्यास अवधी उरला नव्हता. ते यशस्वी झाले. पुतळा रेल्वेने पुण्याला पोचला आणि १६ जून १९२८ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. शिवाजीनगर येथील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो आजही दिमाखात उभा आहे. मंदिराच्या भिंतीवर रेषांनी काढलेला घोडेस्वार ब्राँझमध्ये अजरामर झाला होता.

या पुतळ्याने कीर्ती मिळाली, तरी राजे-महाराजे व पुढाऱ्यांच्या शिल्पांत करमरकर अडकून पडले नाहीत. त्यांचे मन रमले ते गावच्या माणसांत. 'शंखध्वनी', 'मत्स्यगंधा' यांसारख्या शिल्पांत त्यांची भावपूर्ण शैली दिसते. कोळीण, कष्टकरी, घरातील माणसे आणि गोठ्यातील जनावरे यांना त्यांनी तितक्याच आदराने आकार दिला. महागडा संगमरवर वा ब्राँझ हवेच, असा त्यांचा हट्ट नव्हता. इमारतीच्या कामाचे साधे सिमेंटही त्यांच्या हातात कोमल होई.

भारत सरकारने 'पद्मश्री' देऊन त्यांचा सन्मान केला. १३ जून १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. सासवण्याचे त्यांचे राहते घर पुढे शिल्पालय बनले असून, तेथे सुमारे दीडशे शिल्पे जतन करण्यात आली आहेत. अलिबागचा समुद्र पाहण्यास जाणाऱ्या पर्यटकांनी वाट थोडी वाकडी करून ते अवश्य पाहावे. पुतळ्यांना हार घालणाऱ्या समाजाने ते घडविणाऱ्या हातांचीही आठवण ठेवावी, एवढे ऋण तरी करमरकरांचे आपल्यावर नक्कीच आहे.