शिक्षिका सेप्टिमा क्लार्क : अक्षरओळखीतून मताधिकाराकडे

वाचकहो, मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव आपणांपैकी बहुतेकांनी शाळेत असताना ऐकले आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय जनतेच्या समान हक्कांच्या लढ्याचे ते अग्रणी होते. त्याच लढ्यात एक प्रौढ वयाची शिक्षिका होती. हातात खडू घेऊन तिने हजारो निरक्षर माणसांची मतदारयादीपर्यंतची वाट मोकळी केली. तिचे नाव सेप्टिमा पॉइन्सेट क्लार्क. आपल्याकडे तिची ओळख फार थोड्यांना आहे. शिक्षण आणि मताधिकार यांचे नाते किती निकटचे आहे हे समजून घ्यायचे असेल, तर क्लार्कबाईंचे चरित्र प्रत्येक पालकाने आणि विद्यार्थ्याने जाणून घेतले पाहिजे.

सेप्टिमा यांचा जन्म ३ मे १८९८ रोजी अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटन या शहरी झाला. वडील पीटर हे जन्माने गुलाम होते. लहानपणी मालकाच्या मुलांची पुस्तके शाळेपर्यंत वाहून नेण्याचे काम त्यांच्याकडे असे, पण वर्गाच्या आत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. आई व्हिक्टोरिया यांचे बालपण हैती देशात गेले होते. त्या लोकांचे कपडे धुऊन संसाराला हातभार लावीत. घरी दारिद्र्य होते, तरी मुलांना शिकवायचेच असा आईबापांचा निर्धार होता. त्याच बळावर सेप्टिमा १९१६ साली ॲव्हरी या नामांकित संस्थेतून शिक्षिका होऊन बाहेर पडल्या.

पण नोकरी कुठे मिळणार? चार्ल्सटन शहराच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय मुलांनाही गोरे शिक्षकच शिकवीत. कृष्णवर्णीय शिक्षकांना तेथे मज्जाव होता. तेव्हा वयाच्या अठराव्या वर्षी सेप्टिमा बोटीने जॉन्स आयलंड नावाच्या बेटावर गेल्या. तेथील शाळेत १३२ मुले आणि शिक्षक अवघे दोन. समोरच गोऱ्या मुलांची शाळा होती. तिच्यात विद्यार्थी तीन, आणि तेथील शिक्षिकेचा पगार सेप्टिमा यांच्या पगाराच्या दुपटीहूनही अधिक! दिवसा मुलांना शिकवावे आणि रात्री मोठ्या माणसांना अक्षरओळख करून द्यावी, असा त्यांचा क्रम सुरू झाला. पुढे चाळीस वर्षांनी जे झाड वाढले, त्याचे बी येथे पडले.

१९१९ साली त्या चार्ल्सटनला परतल्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संस्थेने शहरातील शाळा कृष्णवर्णीय शिक्षकांना खुल्या कराव्यात म्हणून सह्यांची मोहीम काढली होती. सेप्टिमा दारोदार हिंडल्या आणि त्यांनी सह्या जमवल्या. १९२० साली ती मागणी मान्य झाली. सामान्य माणसाने एकत्र येऊन, कागदावर नाव लिहून मागणी केली तर कायदा बदलू शकतो, हा पहिला धडा त्यांना मिळाला.

याच सुमारास त्यांचा विवाह नौदलातील एक आचारी नेरी क्लार्क यांच्याशी झाला. संसारसुख मात्र फार काळ लाभले नाही. पहिली मुलगी अल्पायुषी ठरली आणि १९२५ साली पतीचे निधन झाले. शिक्षिकेच्या तुटपुंज्या पगारात मुलाचे पालनपोषण होईना, म्हणून काळजावर दगड ठेवून त्यांनी मुलाला त्याच्या आजीआजोबांकडे ठेवले. दुःखात त्यांनी पुस्तक मात्र सोडले नाही. नोकरी सांभाळून १९४२ साली त्यांनी बी.ए.ची आणि १९४६ साली, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, एम.ए.ची पदवी घेतली. वय झाले म्हणून शिक्षण सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. कोलंबिया शहरात शिकवीत असताना गोऱ्या आणि कृष्णवर्णीय शिक्षकांना समान पगार मिळावा यासाठी जो खटला झाला, त्यातही त्यांनी मदत केली. थरगुड मार्शल या पुढे ख्यातनाम झालेल्या वकिलांनी तो लढवला आणि १९४५ साली निकाल शिक्षकांच्या बाजूने लागला.

आता मूळ विषयाकडे येऊ. गुलामगिरी संपल्यावर १८७० साली अमेरिकेच्या राज्यघटनेत पंधरावी दुरुस्ती झाली. वर्णावरून कोणाचाही मताधिकार हिरावून घेऊ नये, असे तीत स्पष्ट म्हटले होते. मग दक्षिणेकडील राज्यांनी पळवाटा शोधल्या. दक्षिण कॅरोलिनाच्या १८९५ च्या राज्यघटनेने अट घातली, की मतदार म्हणून नाव नोंदवायचे असेल तर राज्यघटनेचे कलम वाचून व लिहून दाखवावे, नाहीतर ३०० डॉलरची मालमत्ता असावी. वरवर पाहता अट सर्वांना सारखी होती. परंतु ज्यांच्या शाळांना पैसा द्यायचा नाही, ज्यांची मुले पेरणी-कापणीच्या दिवसांत शेतावर राबवायची, त्यांनाच वाचनाची परीक्षा घालायची, हा कुठला न्याय? शिवाय परीक्षक गोरा अधिकारी. कोणाला उत्तीर्ण करायचे आणि कोणाला नापास, हे त्याच्या मर्जीवर. प्रबळ पक्षाने तर उमेदवार निवडण्याच्या प्राथमिक निवडणुकीतही कृष्णवर्णीयांना बंदी घातली होती. खरी निवडणूक तीच असल्याने पुढच्या मतदानाला काही अर्थच उरत नसे. १९४७ साली न्यायमूर्ती वेअरिंग यांनी ही बंदी उठवली. पण वाचनाच्या अटीचे कुलूप तसेच राहिले.

१९५६ साली क्लार्कबाईंच्या आयुष्यात कसोटीचा क्षण आला. सरकारी नोकराने एन.ए.ए.सी.पी.चे सभासद असू नये, असा कायदा राज्याने केला. अनेकांनी सभासदत्व लपवले, काहींनी सोडले. क्लार्कबाईंनी दोन्ही नाकारले. चाळीस वर्षांची नोकरी गेली आणि निवृत्तीवेतनही गेले. वय होते अठ्ठावन्न. या कायद्याला विरोध करावा म्हणून त्यांनी ७२६ कृष्णवर्णीय शिक्षकांना पत्रे पाठवली. उत्तरे आली २६. अधिकाऱ्यांना भेटायला येतो म्हणाले ११ आणि प्रत्यक्ष आले ५. त्यांच्याच भगिनीमंडळाने त्यांच्यासाठी समारंभ केला, पण नोकरी जाईल या भीतीने त्यांच्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घ्यायला कोणी धजेना.

दुसरे कोणी असते तर समाजाला दोष देऊन घरी बसले असते. क्लार्कबाईंनी या अपयशाचा विचार शिक्षकाच्या दृष्टीने केला. वर्गाची तयारी झालेली नसताना परीक्षा घेतली तर मुले नापास होणारच. लोकांना आधी तयार केले पाहिजे, त्यांच्या मनातील भीती हळूहळू घालवली पाहिजे, मगच त्यांच्याकडून धैर्याची अपेक्षा करावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढचे सारे कार्य याच पायावर उभे राहिले.

टेनेसी राज्यात हायलँडर फोक स्कूल नावाची एक संस्था होती. तेथे गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र राहून शिकत. १९५५ च्या उन्हाळ्यात रोझा पार्क्स तेथील शिबिराला आल्या, तेव्हा क्लार्कबाई तेथे मार्गदर्शन करीत होत्या. याच पार्क्सबाईंनी काही महिन्यांनी माँटगोमेरीच्या बसमध्ये जागा सोडण्यास नकार दिला आणि इतिहास घडवला. नोकरी गेल्यावर क्लार्कबाई याच संस्थेत कामाला लागल्या.

जॉन्स आयलंडवर एसॉ जेन्किन्स नावाचे गृहस्थ होते. ते बेटावरील मजुरांना बसने चार्ल्सटनला नेत-आणत आणि जाता-येता घटनेची कलमे समजावून सांगत. परंतु पाठांतराला मर्यादा असते, लोकांना लिहावाचायलाच शिकवले पाहिजे, हे त्यांच्या ध्यानात आले. हायलँडरच्या बिनव्याजी कर्जातून एक जुनी इमारत घेण्यात आली. पुढच्या भागात किराणा दुकान आणि मागे वर्ग, म्हणजे कोणाला संशय यायला नको. ७ जानेवारी १९५७ रोजी १४ प्रौढ विद्यार्थ्यांचा पहिला वर्ग भरला. शिकवायला नेमल्या होत्या क्लार्कबाईंच्या नात्यातील बर्निस रॉबिन्सन, व्यवसायाने केशभूषाकार! मी शिक्षिका नाही, असे त्या सांगत राहिल्या. पण क्लार्कबाईंना अशीच व्यक्ती हवी होती. शिकलेला माणूस अडाण्याला कमी लेखतो, आणि ही बाई माणसांचे ऐकून घेणारी होती.

विद्यार्थी मित्रांनो, त्या वर्गात काय शिकवले जाई ते पाहा. बालवर्गाची पुस्तके बाजूला सारण्यात आली. तुम्हांला काय शिकायचे आहे, असे आधी विद्यार्थ्यांनाच विचारले गेले. कोणाला स्वतःचे नाव लिहायचे होते, कोणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता, कोणाला परगावच्या मुलाचे पत्र वाचायचे होते, कोणाला धर्मग्रंथ वाचायचा होता. पुठ्ठ्यावर नाव कोरून देत आणि त्या खाचेतून पेन्सिल फिरवून राकट हात अक्षरे गिरवीत. आयुष्यभर अंगठा उठवणारा माणूस जेव्हा स्वतःच्या हाताने स्वतःचे नाव लिहितो, तेव्हा त्याची मानही ताठ होते. मग घटनेची कलमे, मतदार नोंदणीचा अर्ज, कर, बँक, अधिकाऱ्याशी बोलण्याची रीत असे पाठ होत. वर्ग आठवड्यातून दोन रात्री, शेतीचे काम कमी असलेल्या महिन्यांत. थोड्याच काळात शेजारच्या बेटांवरही असे वर्ग निघाले.

सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांत हे खुपले नसते तरच नवल. ३१ जुलै १९५९ रोजी पोलिसांनी हायलँडरवर धाड घातली आणि दारूला कधीही न शिवणाऱ्या क्लार्कबाईंना दारू बाळगल्याच्या आरोपाखाली अटक केली! आरोप टिकला नाही. पण पुढे १९६१ साली संस्थेचा परवानाच रद्द करण्यात आला. तोवर हे काम डॉ. किंग यांच्या संघटनेने आपल्याकडे घेतले होते. जॉर्जिया राज्यातील डॉर्चेस्टर केंद्रात क्लार्कबाई, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग यांनी गावोगावच्या साध्या माणसांना काही दिवसांचे प्रशिक्षण देऊन परत पाठवण्यास प्रारंभ केला. ही माणसे आपापल्या गावी स्वयंपाकघरात, चर्चमध्ये, झाडाखाली वर्ग घेत. प्रत्येक राज्याचे नियम निराळे, म्हणून प्रत्येक राज्यासाठी पुस्तिका निराळी. दक्षिणेत असे शेकडो वर्ग चालले.

या कामाची किंमतही माणसांनी मोजली. जून १९६३ मध्ये अशा प्रशिक्षणाहून परतणाऱ्या फॅनी लू हेमर यांना मिसिसिपीतील विनोना येथे तुरुंगात अमानुष मारहाण झाली. खुद्द संघटनेतही क्लार्कबाईंना सारे सुरळीत नव्हते. कार्यकारी मंडळात एक बाई कशाला, असे विचारणारे पुरुष तेथे होते. बाईंनी मात्र डॉ. किंग यांनाही पत्र लिहून कळवले, की प्रत्येक मोर्चा तुम्हीच नेऊ नये, गावोगावी इतरांनाही नेतृत्व करू द्यावे.

६ ऑगस्ट १९६५ रोजी अमेरिकेत मताधिकार कायदा झाला. ज्या राज्यांत अन्याय सर्वाधिक होता, तेथील वाचनाची परीक्षा बंद झाली. १९७५ साली ती देशभर कायमची बंद झाली. क्लार्कबाई १९७० साली निवृत्त झाल्या. १९७५ साली चार्ल्सटनच्या मतदारांनी त्यांना शाळा मंडळावर निवडून दिले. ज्या व्यवस्थेने त्यांना नोकरीवरून काढले, तिच्याच कारभारात त्या मानाने जाऊन बसल्या. १९७६ साली त्यांचे हिरावलेले निवृत्तीवेतनही सुरू झाले. १५ डिसेंबर १९८७ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. लढा मात्र संपला नाही. २०१३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातील एक महत्त्वाची तरतूद निष्प्रभ केली. मिळालेला हक्क राखावाही लागतो, हेच यावरून दिसते.

पालकहो, आपल्या देशात इंग्रजी अमलात शिक्षण वा मालमत्ता असणाऱ्यांनाच मत होते. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने मात्र अशी कोणतीही परीक्षा न घेता प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत दिले. निरक्षरांसाठी चिन्हे ठेवली. तरीही १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढेच सांगितले होते. नाव सांगणे, नाव लिहिणे, यादीत ते बरोबर आहे ना हे पाहणे, या लहान गोष्टी नव्हेत.

आपल्या धर्मात तर पवित्र कुराणाच्या अवतरणाचा आरंभच वाचनाच्या आज्ञेने झाला आहे आणि इल्म संपादन करणे स्त्री-पुरुष दोघांचेही कर्तव्य मानले आहे. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, एवढे अवश्य करा. घरातील आजी, मोहल्ल्यातील मावशी यांना नाव लिहायला येत नसेल तर रोज अर्धा तास त्यांच्याजवळ बसा. अठरा वर्षे पूर्ण होताच आपले नाव मतदारयादीत नोंदवा आणि आईचे, बहिणीचे नाव आहे का, त्याचे शुद्धलेखन बरोबर आहे का, तेही तपासा. यासाठी पद लागत नाही, पैसा लागत नाही. क्लार्कबाईंच्या पहिल्या वर्गातही एक खोली, चौदा माणसे आणि शिकवण्याची तळमळ असलेली एक बाई, एवढेच होते.