रूझवेल्ट यांचं बीपी आणि बाबांची गोळी

परवा बाबांनी बीपीची गोळी स्वतःच बंद केली. कारण काय, तर आता त्यांना काही त्रासच होत नव्हता. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण मला लगेच अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आठवले.

१९२१ मध्ये आजारपणात त्यांचे पाय गेले, तरी हा माणूस चार वेळा निवडून आला. त्यांचं बीपी १९३७ मध्ये १६२/९८ होतं, १९४१ मध्ये १८८/१०५. त्यांचे डॉक्टर मुळात कान-नाक-घशाचे. लोकांना मात्र तब्येत ठीक असल्याचंच सांगितलं जायचं.

मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी त्यांना तपासलं, तेव्हा हृदय पार थकलं होतं. त्यांनी डिजिटॅलिस, कमी मीठ आणि विश्रांती सुचवली. डिजिटॅलिसने हृदय जोरात आकुंचन पावतं, पण बीपी उतरत नाही. ते उतरवणारं चांगलं औषध तेव्हा नव्हतंच! १२ एप्रिल १९४५ ला वॉर्म स्प्रिंग्जमध्ये त्यांचं डोकं अचानक दुखू लागलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता आणि बीपी ३००/१९० च्या वर गेलं होतं. त्याच दिवशी ते गेले. वय फक्त ६३.

पुढे चारच वर्षांत, १९४९ मध्ये, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा बीपी उतरवते हे रुग्णांवरच्या अभ्यासातून जगासमोर मांडलं. मग १९५८ मध्ये क्लोरोथायझाइड आलं आणि चित्र बदलत गेलं.

आज पर्याय भरपूर आहेत. हृदय म्हणजे पंप आणि रक्तवाहिन्या म्हणजे पाइप समजा:

- डाययुरेटिक: जास्तीचं मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर काढतं.
- बीटा ब्लॉकर: पंपाचा वेग आणि जोर कमी करतं.
- ॲम्लोडिपिन: पाइपच्या भिंती सैल करतं.
- रॅमिप्रिल: पाइप आवळणारं रसायन तयारच होऊ देत नाही.
- टेल्मिसार्टन: ते रसायन तयार झालं, तरी त्याचा परिणाम अडवतं.

म्हणूनच शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालेलच असं नाही. आणि काही गोळ्या एकदम थांबवल्या तर बीपी उसळतं.

हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी डॉक्टरांना फोन केला आणि गोळी पुन्हा सुरू झाली. मी त्यांच्या मोबाइलवर रोज सकाळी आठचा अलार्म लावून दिलाय. तुमच्याही घरी कोणी बीपीची गोळी घेत असेल, तर आज एवढं काम नक्की करा.