मेसन जार सगळ्यांना माहीत, पण जॉन मेसन कोण होता?

कोल्ड कॉफीच्या फोटोंमध्ये हमखास दिसणारी, आट्यांच्या झाकणाची काचेची बरणी म्हणजे मेसन जार. हाताने फुंकून बनवलेल्या जुन्या मेसन जार संग्राहक आजही शोधत फिरतात. पण ज्याचं हे नाव, त्या जॉन लँडिस मेसनच्या हाती यातून फारसं काही लागलं नाही.

मेसनचा जन्म १८३२ चा. अमेरिकेतला हा तरुण पत्र्याची कामं करायचा. त्या काळी फळं टिकवण्यासाठी बरणीवर पत्र्याचं झाकण ठेवून कडेने मेण ओतावं लागे. मेण नीट बसलं नाही, की हवा आत शिरायची आणि वर्षाची बेगमी नासायची.

आट्यांची कल्पना नवी नव्हती. अडचण काठाची होती. फुंकलेली बरणी नळीपासून तोडली की काठ खडबडीत राहायचा आणि झाकण घट्ट बसत नसे. मेसनने आटे काठाच्या खालून सुरू केले आणि झाकण थेट बरणीच्या खांद्यावर टेकवलं. ३० नोव्हेंबर १८५८ रोजी त्याला पेटंट मिळालं.

हे पेटंट गळ्यावरच्या आट्यांपुरतं होतं. झाकणासह अख्ख्या बरणीसाठी त्याने अर्ज केला तो थेट १८६८ मध्ये. ते पेटंट मिळालं, पण टिकलं नाही. १८५९ मध्येच त्याने अशा किमान दोन डझन बरण्या बनवून काही विकल्या होत्या. अर्जाच्या दोन वर्षांहून आधी वस्तू विकली असेल, तर तेव्हाच्या कायद्याने पेटंट बाद व्हायचं. तोवर हक्क एका कंपनीकडे गेले होते. १८७६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात ती कंपनी हरली.

१८७९ मध्ये पहिल्या पेटंटची मुदतही संपली. मग अनेक कारखान्यांनी मेसनच्या नावाने बरण्या काढल्या. मेसन १९०२ मध्ये वारला. त्याचे शेवटचे दिवस हलाखीत गेल्याचं सांगितलं जातं.

१८५८ ची ती तारीख मात्र पुढे कित्येक दशकं बरण्यांवर उमटत राहिली. म्हणून तारीख पाहून बरणी तेव्हाचीच आहे असं समजू नका. ती पेटंटची तारीख आहे. त्यापेक्षा काठावरून बोट फिरवा. घासून सपाट केलेला, खरखरीत काठ ही हाताने फुंकलेल्या बरणीची खूण. काठ गुळगुळीत आणि गोलसर असेल, तर ती बहुधा यंत्रावर बनलेली आहे.