आल्फ्रेड मार्शल: अर्थशास्त्राला स्वतंत्र पदवी मिळवून देणारे प्राध्यापक

ऑगस्टच्या मध्याला ए-लेव्हलचे निकाल लागले की इंग्लंडमधील मराठी घरांत काही दिवस दुसरा विषय नसतो. मुलाने किंवा मुलीने वैद्यक वा अभियांत्रिकी निवडली, तर पुण्या-नागपुरातल्या आजी-आजोबांना फोनवर ते सांगणे सोपे जाते. अर्थशास्त्र निवडले, तर मात्र पुढे काय, या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर द्यावे लागते. शाळा संपल्यावर तीन वर्षे प्रामुख्याने अर्थशास्त्रच शिकायचे आणि त्याचीच पदवी घ्यायची, ही गोष्ट आज आपल्याला स्वाभाविक वाटते. केंब्रिज विद्यापीठाला मात्र ती मान्य करायला लावण्यासाठी एका प्राध्यापकाला अठरा वर्षे खटपट करावी लागली होती. आल्फ्रेड मार्शल हे ते प्राध्यापक.

मार्शल यांचा जन्म २६ जुलै १८४२ रोजी लंडनच्या बर्मंडसी भागात झाला. वडील विल्यम मार्शल बँक ऑफ इंग्लंडमध्ये रोखपाल होते. घरात धर्मनिष्ठा कडवी आणि शिस्त त्याहून कडवी. मुलाने धर्मोपदेशक व्हावे असा वडिलांचा निश्चय असल्याने रात्री उशिरापर्यंत त्याला हिब्रू शिकवले जाई. बुद्धिबळ खेळणार नाही असे वचन त्याच्याकडून घेतलेले होते. गणिताची गोडी हा तर घरात जवळजवळ गुन्हाच, कारण ते वडिलांना समजत नसे. शाळेच्या अखेरीस ऑक्सफर्डची अभिजात भाषांची शिष्यवृत्ती त्याच्यासमोर होती. तो मार्ग सरळ चर्चकडे जाणारा होता. आल्फ्रेडने ती नाकारली. ऑस्ट्रेलियात पैसा मिळवलेल्या चार्ल्स नावाच्या काकांनी कर्जाऊ रक्कम दिली आणि हा मुलगा गणित शिकण्यासाठी केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला. पुढे स्वतःच्या खिशातून विद्यार्थ्यांना आणि तरुण अध्यापकांना पैसे देताना त्यांना या काकांची आठवण होत असावी, असे मला वाटते.

मराठी वाचकाला रँग्लर हा शब्द नवा नाही. केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणत, आणि १८९९ साली याच सेंट जॉन्स कॉलेजातून रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाल्यापासून ती पदवी आपल्याकडे त्यांच्या नावाचाच भाग होऊन बसली. त्याच्या चौतीस वर्षे आधी, १८६५ मध्ये, मार्शल सेकंड रँग्लर झाले. पहिले आले ते पुढे नोबेल मिळवणारे पदार्थविज्ञानवेत्ते लॉर्ड रॅले. त्याच वर्षी मार्शल यांना कॉलेजची फेलोशिप मिळाली. गणितज्ञ म्हणून आयुष्य आखलेलेच होते.

तसे झाले नाही. धर्मावरचा विश्वास ओसरला आणि त्याच्या जागी नीतिशास्त्र, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान आले. माणसाची स्थिती का सुधारत नाही, हा प्रश्न त्यांना छळू लागला. कोणी तरी म्हणाले, अर्थशास्त्र वाचल्याशिवाय यावर बोलू नये. म्हणून त्यांनी मिलचा ग्रंथ हाती घेतला आणि त्यातील युक्तिवाद समीकरणांत नि आकृत्यांत उतरवून पाहिले. दुसरीकडे सुट्टीत ते निरनिराळ्या शहरांच्या दरिद्री वस्त्यांतून रस्तोरस्ती हिंडत आणि तेथील माणसांचे चेहरे पाहत. एकदा दुकानाच्या खिडकीत त्यांना एक छोटेसे तैलचित्र दिसले. आयुष्यात हरलेल्या, खंगलेल्या माणसाचा तो चेहरा होता. काही शिलिंगांना ते चित्र विकत घेऊन त्यांनी कॉलेजातल्या आपल्या खोलीत शेकोटीच्या वर टांगले आणि त्या अनाम माणसाला आपले आराध्य मानले. अर्थशास्त्राचा अभ्यास कोणासाठी करायचा, हे त्यांच्यापुरते त्या दिवशी ठरले.

१८७१ मध्ये मुलींना केंब्रिजमध्ये राहून शिकता यावे म्हणून एका घरात पाच विद्यार्थिनींची सोय करण्यात आली. त्यातूनच पुढे न्यूनम कॉलेज उभे राहिले. या पाचांपैकी एक होत्या मेरी पेली. मार्शल स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते, आणि मेरी त्यांच्या व्याख्यानांना बसत. १८७४ मध्ये मेरींनी नीतिविज्ञानाची ट्रायपॉस परीक्षा दिली. केंब्रिजमध्ये पदवीच्या या परीक्षेला ट्रायपॉस म्हणतात, आणि अर्थशास्त्र त्या काळी नीतिविज्ञानाच्या पोटात एक प्रश्नपत्रिका म्हणून नांदत असे. परीक्षकांपैकी दोघांनी मेरींना पहिला वर्ग दिला, दोघांनी दुसरा. परीक्षा अनौपचारिक होती, त्यामुळे पदवीचा प्रश्नच उद्भवला नाही. वर्षभरात त्या न्यूनममध्ये अर्थशास्त्र शिकवू लागल्या.

१८७७ मध्ये दोघांचा विवाह झाला आणि कॉलेजच्या नियमानुसार मार्शल यांची फेलोशिप गेली. फेलोने अविवाहित असावे असा तो नियम होता. मार्शल ब्रिस्टलच्या नव्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य झाले. तेथे दिवसाचे वर्ग मेरी घेत आणि त्यांचे वेतन यजमानांच्या पगारातून कापून घेतले जाई! १८७९ मध्ये दोघांच्या नावाने उद्योगांच्या अर्थशास्त्रावर एक छोटे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. मुळात ते लिहिण्याचे काम मेरींकडे आले होते. पुस्तक चांगले खपले, विद्यार्थ्यांना आवडले. पण मार्शल यांना पुढे ते नकोसे झाले आणि त्यांनी ते बाजारातून काढून घेऊन त्याच्या जागी स्वतःच्या एकट्याच्या नावाचे पुस्तक आणले. मेरींनी यावर तक्रार केल्याचे दिसत नाही.

मूतखड्याच्या विकाराने मार्शल अकाली थकले. प्राचार्यपद सोडून त्यांनी एक हिवाळा सिसिलीतील पालेर्मो येथे काढला आणि तेथील एका लहानशा हॉटेलच्या गच्चीवर बसून आपल्या मोठ्या ग्रंथाचा आरंभ केला. १८८३ मध्ये ते ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या उमेदवारांना शिकवू लागले. हिंदुस्थानात जिल्हे चालवायला निघालेली ही पोरे त्यांच्याकडून मागणी-पुरवठ्याचे नियम शिकून बोटीवर चढत. पुढच्याच वर्षी केंब्रिजचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक हेन्री फॉसेट वारले. अंध असूनही पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानच्या बाजूने सतत बोलणारे हेच ते फॉसेट. त्यांच्या जागी मार्शल यांची निवड झाली आणि १८८५ मध्ये ते केंब्रिजला परतले.

येथून त्यांचे खरे काम सुरू झाले. अर्थशास्त्र शिकायचे तर विद्यार्थ्याला नीतिविज्ञानाकडे वा इतिहासाकडे जावे लागे. नीतिविज्ञानात येणारा विद्यार्थी तर्कशास्त्र नि मानसशास्त्राच्या ओझ्याखाली, तर इतिहासाचा विद्यार्थी राजघराण्यांच्या सनावळ्यांत. कारखाना, मजुरी, व्याज, रेल्वेचे दर यांचा नीट विचार करायला दोघांनाही वेळ नव्हता. आधुनिक काळातील एवढा मोठा प्रश्न कोणाच्या तरी अभ्यासक्रमाचा पाहुणा म्हणून राहावा, हे मार्शल यांना अपमानास्पद वाटे. सहकाऱ्यांशी त्यांचे खटके उडत. हेन्री सिजविक यांच्यासारख्या सज्जनाशीही उडाले. मार्शल यांच्यापाशी चिकाटी होती, मुत्सद्देगिरी नव्हती.

१८९० मध्ये अर्थशास्त्राच्या तत्त्वांवरील त्यांचा महाग्रंथ बाहेर पडला. आज कोणत्याही पहिल्या वर्षाच्या वर्गात फळ्यावर उमटणारी एकमेकींना छेदणारी मागणी-पुरवठ्याची रेषा, मागणीची लवचिकता, ग्राहकाचा संतोषाधिक्य, अल्पकाळ आणि दीर्घकाळ यांतील भेद हे सारे विद्यार्थ्यांपर्यंत पोचले ते मुख्यतः या ग्रंथामुळे. उभ्या अक्षावर किंमत मांडण्याची रीतही मार्शल यांचीच, आणि त्याबद्दल गणिताचे विद्यार्थी अजून कुरकुरतात. गंमत अशी, की या सेकंड रँग्लरने आकृत्या तळटीपांत आणि समीकरणे परिशिष्टात ढकलली. गणित हे विचाराचे लघुलेखन आहे, निष्कर्ष साध्या भाषेत आणि खऱ्या जीवनातील उदाहरणांनी सांगता आला की गणित जाळून टाकावे, असे त्यांचे मत होते. आजच्या पदवीच्या अभ्यासक्रमाकडे पाहता त्यांचे हे एकच मत विद्यापीठांनी साफ बाजूला सारले आहे.

एवढ्या उदार माणसाच्या चरित्रात एक पान मात्र वाचवत नाही. १८९६-९७ मध्ये स्त्रियांना केंब्रिजची पदवी द्यावी की नाही हा वाद पेटला, तेव्हा मार्शल विरोधकांच्या पुढच्या रांगेत होते. त्यांनी विरोधात पत्रक काढले. ज्यांच्यापुढे त्यांनी स्वतः व्याख्याने दिली, त्या मुलींचीच वाट त्यांनी अडवली, आणि त्यांची पत्नी त्याच न्यूनममध्ये शिकवत होती. मे १८९७ मध्ये मतदान झाले. सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा रस्त्यावर टांगून विद्यार्थ्यांनी हुल्लड केली आणि ठराव प्रचंड बहुमताने फेटाळला गेला. काळाचे दोष माणसावर लादू नयेत हे खरे. पण सिजविक त्याच काळातले होते आणि ते दुसऱ्या बाजूला उभे होते.

स्वतंत्र ट्रायपॉसची मागणी मार्शल यांनी १९०२ मध्ये एका निवेदनातून विद्यापीठापुढे ठेवली. लंडन विद्यापीठाने आदल्याच वर्षी अर्थशास्त्राची बी.एस्सी. सुरू केली होती, तेव्हा केंब्रिज मागे पडण्याची भीतीही कामी आली. उद्योगपतींच्या मुलांना आणि सरकारी नोकरीत जाणाऱ्यांना उपयोगी पडेल, पण बाजारबुणगा होणार नाही असा अभ्यास त्यांना हवा होता: अर्थशास्त्राची तत्त्वे, अलीकडचा आर्थिक इतिहास आणि राज्यशास्त्राचा काही भाग. १९०३ मध्ये विद्यापीठाने मान्यता दिली. १९०५ मध्ये पहिल्या भागाची परीक्षा झाली तेव्हा विद्यार्थी मूठभर होते आणि शिकवायला पुरेसे अध्यापकही नव्हते. मार्शल यांनी त्यासाठी स्वतःच्या खिशातून वर्षाला शंभर पौंड देऊ केले. त्यातून पिगू शिकवू लागले. मार्शल १९०८ मध्ये निवृत्त झाल्यावर गादीवर आलेल्या पिगूंनी तीच प्रथा चालू ठेवून जॉन मेनार्ड केन्स यांना आणले. पिगू इतिहास आणि नीतिविज्ञान शिकलेले, केन्स गणित. केन्स यांनी अर्थशास्त्राची ट्रायपॉस द्यावी म्हणून मार्शल यांनी त्यांच्यामागे लकडा लावला होता, पण त्यांनी ती दिलीच नाही. ते इंडिया ऑफिसात कारकुनी करायला गेले. म्हणजे ज्या पदवीसाठी एवढा अट्टाहास झाला, ती सुरुवातीला शिकवणाऱ्या या दोघांपाशीही नव्हती.

हिंदुस्थानशी मार्शल यांचा संबंध बेलियलपुरता राहिला नाही. रुपयाच्या प्रश्नावर नेमलेल्या चलन समितीपुढे १८९९ मध्ये त्यांनी साक्ष दिली. हिंदी अर्थतज्ज्ञांना लिहिलेल्या पत्रांत त्यांचा एक आग्रह दिसतो: शिकलेल्या हिंदी माणसाने लेखणी आणि हिशेबाची वही हीच प्रतिष्ठेची साधने मानू नयेत, यंत्रशाळेत उतरून हात काळे करावेत. हे ऐकायला कडू आहे. हिंदी उद्योगांवर कोणाचे राज्य होते, हा मुद्दा त्यात गळतो. तरी सुशिक्षित वर्गाबद्दल त्यांनी नेमके बोट ठेवले होते, हे नाकारता येत नाही. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला गेले तेव्हा मार्शल निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. पण हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा गाडगीळांचा प्रबंध ग्रंथरूपाने आला ते साल १९२४, आणि मार्शल गेले तेही त्याच साली. पुण्याच्या गोखले संस्थेत गाडगीळांनी घरोघर, शेतोशेत फिरून पाहण्या करवल्या. त्या पाहण्यांची जात त्या वस्तीवस्तीतून हिंडणाऱ्या तरुण फेलोच्या कुळातली आहे.

१३ जुलै १९२४ रोजी, वयाची ब्याऐंशी वर्षे पुरी व्हायला दोन आठवडे उरले असताना, मार्शल यांचे केंब्रिजमधील घरी निधन झाले. त्यांनी आपला ग्रंथसंग्रह विद्यापीठाला दिला आणि त्यातून मार्शल लायब्ररी उभी राहिली. मेरी तेव्हा पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या. त्या तेथे विनावेतन ग्रंथपालाचे काम पाहू लागल्या. सकाळी सायकलवरून यायचे, विद्यार्थ्यांना हवी ती पुस्तके काढून द्यायची, सूचीचे कागद नीट लावायचे, असा क्रम बारा-तेरा वर्षे चालला. सत्त्याऐंशीव्या वर्षी डॉक्टरांनी मना केल्यावर त्या थांबल्या. ब्रिस्टलने १९२८ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली होती. मार्च १९४४ मध्ये त्या वारल्या. केंब्रिजने स्त्रियांना पदवी देण्यास सुरुवात केली ती त्यानंतर चार वर्षांनी, १९४८ मध्ये.